चार रॅम लावल्यावर स्क्रीन काळी: माझा अनुभव

रायझन ७ ७७००, बी६५० मदरबोर्ड आणि १६ जीबीच्या चार डीडीआर५ रॅम. चारही रॅमवर ६००० हा वेग छापलेला. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) एक्स्पो, म्हणजे रॅम छापील वेगाने चालवणारी सेटिंग, चालू केलं की स्क्रीन काळी आणि बोर्डावरचा डीरॅमचा, म्हणजे रॅमची अडचण दाखवणारा, दिवा पेटलेला. वाटही पाहिली, कारण डीडीआर५ पहिल्यांदा सुरू होताना मेमरी ट्रेनिंगमध्ये (रॅमशी जुळवून घेण्याच्या चाचणीत) काही मिनिटं सहज जातात. फरक पडला नाही.

उत्तर प्रोसेसरच्या माहितीपानावर मिळालं. रॅम हाताळणारा मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आत असतो, त्यामुळे वेग शेवटी तोच ठरवतो. या प्रोसेसरला दोन रॅमवर ५२०० ची हमी आहे, चार लावल्या की फक्त ३६०० ची! रॅमवरचा ६००० हा आकडा ओव्हरक्लॉकचा, म्हणजे हमीपेक्षा जास्त वेगाचा, तो मिळेलच असं नाही. खरेदीआधी हे पान प्रत्येकाने वाचावंच, असं मला मनापासून वाटतं.

मग सीमॉस क्लिअर केलं (बायोसची सेटिंग्ज मूळ स्थितीत आणली), दोन रॅम काढल्या आणि उरलेल्या दोन प्रोसेसरपासून दुसऱ्या व चौथ्या स्लॉटमध्ये बसवल्या. एक्स्पो लगेच चाललं. ६४ जीबी हवीच होती, म्हणून ३२ च्या दोन रॅमचं किट घेतलं. मदरबोर्डच्या क्यूव्हीएल यादीत (कंपनीने तपासलेल्या रॅमच्या यादीत) त्याचा मॉडेल नंबर आधी शोधला. रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ रात्रभर चालवलं, एकही एरर नाही.

इंटेलच्या १२ ते १४ व्या पिढीत आणखी एक गोष्ट बघा: प्रोसेसर डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्ही घेतो, पण मदरबोर्ड सहसा एकच. खाचेची जागा वेगळी असल्याने दुसरी बसतच नाही, जोर लावू नका.