आवडत्या कलावंताशी घरगुती समारंभात गाठ पडते तेव्हा

सभागृहात कलावंत आणि श्रोता यांच्यामध्ये रंगमंचाची उंची, दिव्यांचा झोत आणि ठरलेली वेळ असते, त्यामुळे कोणी कोणाशी कसे वागावे हा प्रश्न तेथे फारसा उद्भवत नाही. घरगुती समारंभात ही सारी व्यवस्था नाहीशी होते. कोणाची पंचाहत्तरी असते, कोणाच्या मुलीचे केळवण असते, आणि जिचा मारवा राग आपण वर्षानुवर्षे संध्याकाळी लावून ऐकत आलो ती गायिका हातात ताट घेऊन शेजारच्या खुर्चीवर येऊन बसते, कारण ती यजमानांची मावसबहीण असते. अशा वेळी एरवी भरभरून बोलणाऱ्या रसिकाला शब्द सुचत नाहीत, किंवा मग त्याला थांबावे कुठे हे कळत नाही, आणि दोन्ही प्रकारांत त्या गायिकेची पंचाईत होते. हिंदुस्थानी संगीत मनापासून ऐकणाऱ्या आणि अशी भेट नीट व्हावी असे वाटणाऱ्या वाचकांसाठी हे लिहीत आहे.

अवघडलेपणाचे मूळ आधी समजून घ्यावे, म्हणजे पुढचे बहुतेक आपोआप सुचते. ही ओळख एकतर्फी असते. पुण्यात १९५३ साली सुरू झालेल्या सवाई गंधर्व महोत्सवात एका गायकाला हजारो श्रोते ऐकतात. त्या गायकाला मात्र पुढच्या काही रांगांपलीकडे अंधारच दिसतो. आपण त्यांच्या आवाजाबरोबर आजारपणे काढलेली असतात, रात्रीचे प्रवास केलेले असतात, त्यांची एखादी तान मनात कितीदा घोळवलेली असते. त्यांच्या दृष्टीने आपण आत्ताच भेटलेले एक पाहुणे असतो. मनात साठलेले सारे एका बैठकीत त्यांच्यापुढे ओतले, तर त्याचे काय करायचे हे त्यांना कळत नाही, आणि त्यात त्यांचा काही दोष नसतो. म्हणून त्यांना त्या घरात पाहुण्यासारखे निवांत बसता येईल, एवढी काळजी घेणे हे श्रोत्याचे पहिले काम आहे.

नमस्काराने सुरुवात करताना जागा आणि वेळ पाहावी. ज्येष्ठ कलावंत बसलेले असतील, हात मोकळे असतील आणि भोवती गर्दी नसेल, तर वाकून नमस्कार करणे आपल्या रीतीला धरूनच आहे. पण हातात ताट असताना, दारातून आत येताना किंवा दहाजण पाहत असताना पायांशी वाकले, तर समोरच्या व्यक्तीला मागे सरावे लागते, आणि मग मागचे तिघेचौघे आपल्यालाही तेच करावे लागेल म्हणून रांग धरतात. आज अनेकांचे आवडते गायक त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असतात. साठीच्या गृहस्थाने तिशीतल्या गायकापुढे वाकू नये, त्याने तो तरुण फार संकोचतो. हात जोडून नाव सांगावे, तेवढे पुरते. ‘ताई’, ‘बुवा’, ‘पंडितजी’, ‘खाँसाहेब’ यांपैकी यजमान कोणते संबोधन वापरतात ते ऐकून तेच वापरावे. बरोबर तबला किंवा पेटीची साथ करणारे कलावंत असतील, तर त्यांनाही नावानिशी आणि तितक्याच अगत्याने नमस्कार करावा. गायकाभोवती घोळका आणि तबलजी कोपऱ्यात एकटे, हे दृश्य मला फार खटकते.

यजमानांना आधीच एक विनंती करून ठेवावी: ‘हे तुमचे फार मोठे चाहते बरं का’ अशी ओळख करून देऊ नका. त्या वाक्यानंतर कलावंताला कृतज्ञ दिसावे लागते आणि चाहत्याला काहीतरी मोठे बोलून दाखवावे लागते. ‘हे आमचे शेजारी, बँकेत असतात, गाणे आवडीने ऐकतात’ ही ओळख पुरेशी आहे, कारण तीत बोलण्याला तीन दारे आहेत आणि कोणते उघडायचे हे कलावंताच्या हाती राहते.

आता प्रत्यक्ष काय बोलावे, याचा विचार अधिक सावकाश केला पाहिजे. ‘तुमचे गाणे म्हणजे स्वर्गीय अनुभव’ यासारखी वाक्ये कलावंताने हजारदा ऐकलेली असतात आणि त्यांना ‘धन्यवाद’ याखेरीज उत्तर नसते. याउलट एका मैफिलीतली एकच जागा, म्हणजे गाण्यातला एखादा खास तुकडा, नेमकी आठवून, एका वाक्यात सांगितली, तर पुष्कळदा त्यांचा चेहरा बदलतो, कारण ती जागा गाताना त्यांनीही काही ठरवलेले असते आणि ते कोणाच्या लक्षात आले का, हे त्यांना कधी कळलेले नसते. मारव्यात कोमल रिषभ (रे) आणि शुद्ध धैवत (ध) यांचे राज्य असते आणि षड्ज, म्हणजे सा, बराच वेळ दूर ठेवला जातो. ‘त्या दिवशी आपण षड्जावर येण्याचे इतके लांबवलेत की आल्यावर आम्हा सगळ्यांचा श्वास सुटला,’ असे कोणी म्हटले, तर ते कौतुक ऐकण्याचा पुरावा देते. हे वाक्य समारंभाला जाण्यापूर्वी मनात तयार करून ठेवण्यात काहीही कृत्रिम नाही. बोलून झाल्यावर थांबावे. त्यांना पुढे बोलायचे असेल तर ते बोलतील. नाही बोलले तर जेवणाकडे, घराकडे, प्रवासाकडे वळावे.

रागाचे नाव खात्रीचे नसेल तर घेऊ नये. भूप आणि देशकार या दोन्ही रागांत सा, रे, ग, प, ध हेच पाच स्वर असतात. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरी गातात आणि त्यात गंधार मुख्य, देशकार सकाळचा आणि त्यात धैवत मुख्य. मारवा, पूरिया आणि सोहनी हे तिघेही एकाच स्वरसमूहातून उभे राहतात. गायकाने देशकारात भूपाची सावली पडू नये म्हणून वर्षानुवर्षे मेहनत केलेली असते, आणि आपण त्याच्याच ‘भूपा’चे कौतुक केले, तर त्याला दुरुस्ती करावी की हसून सोडून द्यावे हे कळत नाही. ‘सकाळच्या मैफिलीत आपण सुरुवातीला जे गायलात’ असे म्हटले तर काही बिघडत नाही. ऐकणाऱ्याला नाव ठाऊक असलेच पाहिजे असा कोणताही नियम नाही.

खयालापेक्षा, म्हणजे रागाच्या विस्तृत शास्त्रीय गायनापेक्षा, अभंग किंवा नाट्यपद अधिक आवडत असेल, तर तसे मोकळेपणाने सांगावे. भीमसेन जोशी यांच्या ‘संतवाणी’च्या कार्यक्रमांनी खयालाच्या मैफिलीकडे कधी न फिरकलेली माणसे त्यांच्याशी जोडली गेली, आणि ती आवड कमी प्रतीची होती असे कोणी म्हणू नये. मात्र ‘तुमचे ते शास्त्रीय आम्हाला कळत नाही, पण अभंग छान’ अशी जोडणी करू नये. पहिला अर्धा भाग गाळला की उरलेले वाक्य निर्मळ आहे.

तुलना टाळावी, आणि गुरूंशी तुलना तर कटाक्षाने टाळावी. गुरूचे नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावणाऱ्या परंपरेतल्या माणसाला ‘तुमच्या गुरूंसारखे आता कोणी गात नाही’ असे म्हटले, तर तो नम्रपणे ‘खरे आहे’ म्हणेल, आणि संभाषण तेथेच संपेल. ‘आपण त्यांच्याहून पुढे गेलात’ हे तर त्याला त्याहूनही ऐकवत नाही. गुरूंविषयी बोलायचेच असेल तर विचारावे: ते शिकवायला कसे बसत, तालीम सकाळी असे की रात्री. या प्रश्नांवर कलावंत मनापासून बोलतात असा माझा अनुभव आहे. आवाज, वय आणि प्रकृती यांच्याविषयी मात्र प्रश्न नकोत.

‘काहीतरी होऊन जाऊ द्या’

घरगुती समारंभातला सर्वांत अवघड क्षण हा असतो, आणि तो बहुधा जेवणे झाल्यावर येतो. कोणीतरी प्रेमानेच म्हणते, ‘ताई, दोनच ओळी,’ आणि सगळे टाळ्या वाजवतात. यात नेमके काय मागितले जात आहे हे पाहावे. खयाल गाणाऱ्याला तानपुरा लागतो, आणि तो त्यांच्या पट्टीत, म्हणजे पेटीच्या पट्ट्यांवर सांगायचे तर पुरुष गायकाला काळी एक किंवा पांढरी दोनच्या आसपास आणि गायिकेला बहुधा काळी तीन ते काळी पाचच्या दरम्यान, नीट लावलेला असावा लागतो. साथीला तबला लागतो. पोट फार भरलेले चालत नाही, म्हणून अनेक गायक मैफिलीपूर्वी नीट जेवत नाहीत आणि नंतरच जेवतात. जेवण झाल्यावर, पंख्याखाली, स्वर न लावता गा असे म्हणणे म्हणजे ज्या कामासाठी त्यांनी आयुष्य वेचले ते काम वाईट रीतीने करून दाखवा असे म्हणणे आहे. नकार दिला तर त्या गर्विष्ठ ठरतात, होकार दिला तर त्यांचे स्वतःचे मन खट्टू होते. त्यातही कोणी ‘भैरवी’ मागतो. भैरवी सकाळची मानली जात असली तरी मैफिलीची सांगता तिने करण्याचा प्रघात आहे. काही गायले गेलेले नसताना ती मागणे त्यांना विचित्र वाटते.

आपण मागणाऱ्यांत नसलो तरी गप्प राहू नये. ‘आज त्यांना जेवू द्या, गाणे आपण सभागृहात ऐकू’ असे कोणी एकाने हसत म्हटले की सुटका होते, आणि हे म्हणणारा चाहताच असला तर त्याला विशेष वजन येते. क्वचित कलावंत स्वतःहून गुणगुणू लागतात. तसे झाले तर स्वयंपाकघरातला मिक्सर बंद करावा, मुलांना जवळ घ्यावे, बसून ऐकावे, मांडीवर ताल देऊ नये, आणि दाद मनात आली तर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येऊ द्यावी.

मोबाइलवर ध्वनिमुद्रण करू नये. जयपूर घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांचे गाणे ध्वनिमुद्रणात उपलब्ध नाही, आणि त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांनीही आपला आवाज कुठे आणि कसा पोहोचावा याबाबत फार काटेकोर राहून मोजकीच ध्वनिमुद्रणे केली. गाणे कोणत्या अवस्थेत बाहेर जावे हे ठरवण्याचा हक्क गाणाऱ्याचा आहे, ही भूमिका या संगीतात जुनी आहे. छायाचित्र हवे असेल तर निघताना एकदा विचारावे, खांद्यावर हात न ठेवता एकच काढावे, आणि कलावंत घरी परतल्याखेरीज ते कुठेही टाकू नये, कारण त्यातून त्या कोणाच्या घरी आहेत हे सर्वांना कळते.

मुलांना पुढे करण्याविषयी स्पष्ट लिहायला हवे. गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रवेशिका ही संगीताची परीक्षा दिलेल्या मुलीला सर्वांसमोर उभे करून ‘ताईंना म्हणून दाखव’ असे सांगितले की मुलीचा आवाज कापतो, ताईंना खोटे कौतुक करावे लागते, आणि तिच्या स्वतःच्या शिक्षिकेचा अवमान होतो तो वेगळाच. मुलीला फक्त नमस्कार करायला सांगावे आणि ती कोणाकडे शिकते ते नाव आदराने सांगावे. शिकवणीविषयी बोलायचे असेल तर यजमानांमार्फत वेगळी वेळ मागावी.

यजमान म्हणून

समारंभ आपल्याच घरी असेल, किंवा घरी खासगी बैठक ठेवली असेल, तर जबाबदारी वाढते. आपल्या आईला, गायिका मोगूबाई कुर्डीकर यांना, दौऱ्यांवर कशी वागणूक मिळे हे लहानपणी पाहिल्याचे गायिका किशोरी आमोणकर यांनी मुलाखतींत सांगितले होते, आणि पुढे कलावंताच्या मानाबद्दल त्या किती आग्रही राहिल्या हे सर्वश्रुत आहे. त्यांच्या शिस्तीच्या गोष्टी चवीने सांगणाऱ्यांनी त्यामागचा हा अनुभवही लक्षात घ्यावा. गाण्यापूर्वी कलावंताला दार लावून बसता येईल अशी एक खोली द्यावी. तानपुरे तेथेच लावले जातील. मानधन आधी ठरवावे आणि पाकीट पाहुण्यांसमोर देऊ नये. बोलावणे केवळ स्नेहाचे असेल, गाण्याचे नसेल, तर ते फोनवर स्पष्ट सांगावे, म्हणजे त्या निश्चिंत येतील. परदेशात महाराष्ट्र मंडळांच्या कार्यक्रमांसाठी आलेले कलावंत पुष्कळदा सभासदांच्या घरीच उतरतात. तेथे सकाळच्या चहाला अख्खी वसाहत बोलावण्याचा मोह आवरावा, कारण लांबच्या प्रवासानंतर त्यांना झोपेची आणि रियाजाला शांत सकाळीची गरज असते.

बिघडलेच तर

चुकीचे नाव घेतले गेले, दुसऱ्याच गायकाच्या मैफिलीचे कौतुक झाले, किंवा बोलता बोलता शांतता पसरली, तर एकदाच ‘माझी चूक झाली, क्षमा करा’ म्हणावे आणि विषय सोडावा. पुन्हा पुन्हा क्षमा मागितली की आपले सांत्वन करण्याचे काम त्यांच्यावर पडते. कलावंत तुटकपणे बोलले, तर ते आपल्याविषयीचे मत समजू नये. दोन-तीन तास गायल्यानंतर आवाज आणि मन दोन्ही रिकामे झालेले असते, आणि त्या वेळी साधे बोलणेही जड जाते. तसा अनुभव आला तर तो व्हॉट्सॲपच्या गटात लिहू नये. त्यांच्या गाण्यावरचे आपले प्रेम त्या एका संध्याकाळीवर तोलण्याची गरज नाही, आणि तोलले तर नुकसान आपलेच होते.

भेट लांबवू नये. दुसरा कोणी पाहुणा येताच जागा करून द्यावी आणि निघताना पुन्हा गाठून निरोप घेण्याचा आग्रह धरू नये. फोन नंबर मागू नये. त्यांनी आपणहून दिला, तर रोज सकाळी शुभेच्छा पाठवण्यासाठी तो दिलेला नाही हे ध्यानात ठेवावे. पुढच्या मैफिलीला त्यांनी ‘या’ म्हटले तर तिकीट काढून जावे, पास मागू नये. आणि मैफिलीनंतर भेटायला गेलात तर ‘ओळखलंत का?’ असे विचारून त्यांना परीक्षेला बसवू नये. आपले नाव आणि कोणाच्या घरी भेट झाली होती ते स्वतःच सांगावे.