नवा सिनो सोडण्याआधी जुन्याची जागा मोडा

सांगलीत, विश्रामबागेतल्या घरी माझी माशांची ४ फुटी टाकी आहे, साधारण २०० लिटरची. त्यात ६ वर्षं एकच सिनोडॉन्टिस (सिनो, मिशा असलेला आफ्रिकन कॅटफिश) होता, वीतभर लांब. लाकडाखालची पोकळी त्याची. गेल्या पावसाळ्यात बोटभर लांबीचा दुसरा आणला आणि संध्याकाळी, दिवा चालू असतानाच सोडला. सकाळी पिल्लू फिल्टरमागे चिकटलेलं, शेपटी अर्धी फाटलेली. फार वाईट वाटलं.

हा मासा रात्री हिंडतो, दिवसा आडोशाला राहतो. नवा घाबरून नेमका त्याच आडोशाकडे धावतो. म्हणजे भांडण जागेचं, तेव्हा उपायही जागेवरच करायचा.

पिल्लू दीड महिना स्पंज फिल्टर लावलेल्या टबात ठेवलं. शेपटी भरून आली. नवा मासा तसाही किमान ३ आठवडे वेगळा ठेवावाच, रोग असेल तर तिथेच कळतो.

मग एका रविवारी जुन्याला झाकणाच्या बादलीत काढलं. जाळीने अजिबात पकडू नका. त्याच्या परांचे काटे ताठ होऊन जाळीत अडकतात. प्लॅस्टिकच्या बरणीत हाकलून घ्या. उचलताना तो काट्यांनी कुरकुर आवाज करतो, घाबरू नका. टाकीतलं लाकूड उलट्या दिशेला फिरवलं, दगड हलवले. फिल्टरला मात्र हात लावला नाही, त्यातले जिवाणू पाणी सांभाळतात.

हार्डवेअरच्या दुकानातून पीव्हीसी पाइपचे तुकडे आणले: ४ इंची २ आणि २ इंची २. बारीक पाइपात मोठा शिरूच शकत नाही, पिल्लाला हक्काची जागा मिळते. दोन्ही तोंडं उघडी हवीत आणि एका पाइपाचं तोंड दुसऱ्यासमोर नको. कृष्णाकाठचे काळे गोटे चालतात. ज्या दगडावर लिंबू पिळल्यावर फेस येतो तो घेऊ नका, पाणी जड होतं.

टबातल्या पाण्यात टाकीचं पाणी थोडंथोडं मिसळून, दिवा बंद करून आधी पिल्लू सोडलं. तासाभराने जुना. मग बुडणारे दाणे दोन्ही कोपऱ्यांत टाकले, म्हणजे एकट्याला दोन्हीकडे राखण करता येत नाही.

पहिल्या रात्री जुन्याने दोनदा पाठलाग केला. एवढं चालतं. पर फाटले किंवा लहान खायलाच बाहेर येईना, तर मध्ये प्लॅस्टिकची जाळी लावून आठवडाभर थांबा. तरीही चावलाच तर टाक्या वेगळ्या करायच्या. माझा टब अजून भरलेला आहे, फिल्टर चालू.