जावास्क्रिप्टचं ॲप बनवायचं आणि मुख्य म्हणजे अपडेट करत राहायचं, ते असं

ॲप बनवून देणारे पायलीला पन्नास मिळतात. दोन वर्षांनी तेच ॲप अपडेट करून देणारा शोधायला गेलात की कळतं. बनवणारा भाचा तोवर पुण्याला गेलेला असतो, त्याचा लॅपटॉप बदललेला असतो, आणि कोड नवीन मशीनवर चालवला की टर्मिनलभर (म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीभर) एररची लाल अक्षरं. म्हणून हा लेख बनवण्यापेक्षा नंतरच्या कामावर जास्त आहे, पण सुरुवात तर करावीच लागेल.

उदाहरणाला नवी मुंबईतल्या कोपरखैरण्याच्या एक काकू घेऊ, महापेच्या कंपन्यांमध्ये डबे देणाऱ्या. आज सगळं व्हॉट्सॲपवर चालतं, "काकू आज भात नको", "दोन चपात्या एक्स्ट्रा", आणि हे मेसेज डबे भरून झाल्यावरसुद्धा येत राहतात. त्यांना हवंय एवढंच की आजची भाजी दिसावी, ऑर्डर टाकता यावी, आणि साडेनऊला ऑर्डर बंद व्हावी.

सगळ्यात आधी नोड, म्हणजे जावास्क्रिप्ट ही ॲप लिहायची भाषा ब्राउझरबाहेर चालवणारा प्रोग्रॅम. त्याच्या साइटवर एकापेक्षा जास्त व्हर्जन दिसतात, त्यातलं ज्याच्यापुढे एलटीएस (लाँग टर्म सपोर्ट) लिहिलंय तेच घ्यायचं. सम आकड्याची व्हर्जन ऑक्टोबरमध्ये एलटीएस होतात, म्हणजे २२, २४ अशी, आणि पुढे काही वर्षं त्यांना सिक्युरिटीचे फिक्स मिळत राहतात. शक्यतो थेट इन्स्टॉल करू नका, एनव्हीएम या नोडची व्हर्जन सांभाळणाऱ्या टूलमधून करा, कारण एका प्रोजेक्टला २२ आणि दुसऱ्याला २४ लागलं तर एका कमांडमध्ये बदलता येतं. प्रोजेक्टला कुठलं नोड लागतं ते प्रोजेक्टमध्येच एका फाइलीत लिहून ठेवा, पुढच्या माणसाचा अर्धा दिवस वाचेल. सोबत गिट (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं) आणि व्हीएस कोड (कोड लिहायचा एडिटर), बस.

आता वेब की मोबाईल? माझं स्पष्ट मत, आधी वेब. काकूंच्या गिऱ्हाइकाला दिवसातून एकदा दहा सेकंदं ॲप लागणार, त्यासाठी प्ले स्टोअरची वारी कशाला. वेबसाइटला मॅनिफेस्ट फाइल (नाव, आयकॉन वगैरे सांगणारी) जोडली की ती होम स्क्रीनवर आयकॉन म्हणून ठेवता येते, आणि आयओएस १६.४ पासून आयफोनवर अशा होम स्क्रीनवरच्या साइटला नोटिफिकेशनपण पाठवता येतात. वेबसाठी वीट (Vite) नावाचं प्रोजेक्ट उभं करून देणारं टूल घ्या. एनपीएम क्रिएट वीट अशी कमांड (टाइप अर्थातच इंग्रजीत करायची; एनपीएम म्हणजे नोडबरोबर येणारं, इतरांनी लिहिलेला तयार कोड आणून देणारं टूल), मग रिॲक्ट, म्हणजे स्क्रीन बनवायची लायब्ररी, निवडायचं, एनपीएम इन्स्टॉल, एनपीएम रन डेव्ह, आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट ५१७३ उघडलं की पान दिसतं. युट्यूबवरच्या जुन्या व्हिडिओत क्रिएट रिॲक्ट ॲप वापरलेलं दिसेल, ते सोडून द्या, फेब्रुवारी २०२५ मध्ये रिॲक्टवाल्यांनीच ते नवीन कामासाठी बंद केलंय.

मोबाईल ॲपच हवं असेल तर रिॲक्ट नेटिव्ह (रिॲक्टचाच मोबाईल ॲपसाठीचा भाऊ), आणि तेही एक्स्पो या त्याच्या तयार टूलसंचामधून. फोनवर एक्स्पो गो हे ॲप टाका, लॅपटॉपवर क्यूआर कोड येतो तो स्कॅन करा, कोड सेव्ह केला की फोनवर लगेच बदल दिसतो. क्यूआर स्कॅन करूनही नुसतंच गोल फिरत राहिलं तर कोडला दोष देण्याआधी वायफाय बघा, फोन आणि लॅपटॉप एकाच नेटवर्कवर लागतात, आणि ऑफिसच्या वायफायवर बऱ्याचदा एक डिव्हाइस दुसऱ्याला दिसतच नाही. ऐरोलीच्या आयटी पार्कात बसून लंच टाइममध्ये हे करणार असाल तर फोनचा हॉटस्पॉट लावा नाहीतर एक्स्पोचा टनेलचा ऑप्शन घ्या, तो इंटरनेटवरून जोडून देतो.

आता खरं काम, अपडेट.

प्रोजेक्टमधली पॅकेज डॉट जेसन फाइल उघडा, तिच्यात ॲपला लागणाऱ्या पॅकेजांची, म्हणजे इतरांच्या तयार कोडची, यादी असते. पॅकेजच्या आकड्याच्या आधी ^ अशी टोपी दिसेल. म्हणजे ^४.२.१ लिहिलं असेल तर ४.३ चालेल, ४.९ चालेल, पण ५ नाही. पहिला आकडा बदलला की जुना कोड मोडू शकतो, असा तो करार आहे, आणि लोक तो बऱ्यापैकी पाळतात, पूर्ण नाही. म्हणूनच पॅकेज लॉक नावाची लांबलचक फाइल असते, तिच्यात नेमकं कुठलं व्हर्जन बसलंय ते लिहिलेलं असतं. ती डिलीट करून बघ असा सल्ला सर्रास मिळतो, ऐकू नका. ती गिटमध्ये टाका आणि सर्व्हरवर एनपीएम इन्स्टॉलऐवजी एनपीएम सीआय चालवा, मग लॉकमध्ये जे आहे तेच येतं.

एवढी काळजी का, तर मार्च २०१६ मध्ये लेफ्ट पॅड नावाचं ११ ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएमवरून काढलं आणि जगभरचे बिल्ड, म्हणजे कोडपासून तयार ॲप बनवायची कामं, पडले. सप्टेंबर २०२५ मध्ये तर चॉक, डीबग अशी रोजच्या वापरातली पॅकेजं फिशिंग करून हायजॅक झाली आणि त्यांच्या नव्या व्हर्जनमध्ये क्रिप्टो चोरणारा कोड घुसवला होता. काही तासांतच ते पकडलं गेलं, पण त्या तासांत ज्यांनी घाईने अपडेट मारलं त्यांच्या घरी आलंच ना ते. म्हणून आज आलेलं व्हर्जन आज घ्यायचं नाही, आठवडाभर थांबलं तर बिघडत नाही. सिक्युरिटी फिक्स असेल तर गोष्ट वेगळी.

पद्धत अशी. आधी गिटमध्ये सगळं कमिट (म्हणजे नोंदवून ठेवणं), मग वेगळी ब्रँच, म्हणजे मूळ कोडला धक्का न लावणारी वेगळी शाखा. एनपीएम आउटडेटेड चालवा, त्यातले तीन कॉलम बघायचे, सध्याचं, टोपीत बसणारं आणि सगळ्यात नवं. टोपीत बसणारी सगळी एकदम घेतली तरी चालतात. पहिला आकडा बदलणारी मात्र एकेक, चेंजलॉग (काय बदललं त्याची यादी) वाचून, आणि प्रत्येकीनंतर ॲप चालवून खरीखुरी एक ऑर्डर टाकून बघायची, साडेनऊनंतर ऑर्डर बंद होते का तेही. झालं की कमिट. पाच पॅकेजं एकदम उचलली आणि स्क्रीन पांढरी झाली तर नेमकं कोणी मोडलं ते शोधत बसाल. एनपीएम ऑडिट फिक्स या सिक्युरिटीची भोकं बुजवणाऱ्या कमांडला फोर्स तर लावूच नका, ते मोठी व्हर्जनपण बदलून टाकतं.

एक्स्पोचं गणित थोडं वेगळं, तिथे प्रत्येक एसडीकेबरोबर (एक्स्पोच्या प्रत्येक मोठ्या व्हर्जनला एसडीके म्हणतात) पॅकेजांची ठरावीक व्हर्जन लागतात, म्हणून पॅकेज टाकताना एक्स्पो इन्स्टॉल वापरा आणि अपडेटनंतर एक्स्पो डॉक्टर ही तपासणारी कमांड चालवा. दोन-तीन एसडीके मागे असाल तर एकेक पायरी चढा, थेट उडी नको.

स्टोअरचं थोडक्यात. गुगलला एकदाच २५ डॉलर, ॲपलला दरवर्षी ९९ डॉलर. गुगलवर नवीन वैयक्तिक अकाउंट असेल तर १२ टेस्टर सलग १४ दिवस लागतात, सोसायटीच्या ग्रुपवर विनंती टाका, गणपतीच्या वर्गणीपेक्षा लवकर मिळतील. दर अपलोडला व्हर्जन कोड, म्हणजे ॲपचा अनुक्रमांक, वाढवायचा. शिवाय गुगल टार्गेट अँड्रॉइड, म्हणजे ॲप कुठल्या अँड्रॉइडसाठी बनवलंय त्याची अट, पुढे सरकवत असतं, ३१ ऑगस्ट २०२५ पासून नवीन ॲप आणि अपडेटला निदान अँड्रॉइड १५ टार्गेट करावं लागतं, म्हणजे तुम्ही काही बदललं नाहीत तरी हे काम आहेच. नुसता जावास्क्रिप्ट किंवा फोटो बदलला असेल तर एक्स्पोमधून थेट फोनवर अपडेट ढकलता येतं, पण कॅमेरासारखं नेटिव्ह, म्हणजे थेट फोनच्या सिस्टिमशी बोलणारं, काही जोडलंत की नवीन बिल्ड आणि स्टोअरचा रिव्ह्यू आलाच.

आणि नवीन व्हर्जन स्टोअरवर गेलं म्हणून जुन्या ॲपला लागणारा सर्व्हरवरचा कोड लगेच बंद करू नका. महापेच्या गेटवरचे वॉचमन मामा ॲप अपडेट करत नाहीत, त्यांच्या फोनवर जागाच नसते, आणि डबा त्यांनाही लागतो.