गाडीत कुठलं कूलंट टाकायचं?

सगळ्यात आधी एक सांगतो, रंग बघून कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) घेऊ नका. हिरवं, लाल, निळं, गुलाबी हे रंग कंपनी आपल्या मर्जीने टाकते, एकाच रंगाच्या दोन बाटल्यांत आतली केमिस्ट्री पार वेगळी असू शकते. गाडीचं मॅन्युअल उघडा, त्यात स्पेसिफिकेशन दिलेलं असतं, तेच बाटलीच्या मागच्या लेबलवर शोधा.

ढोबळमानाने जुन्या गाड्यांना आयएटी प्रकारचं कूलंट (साधारण २ वर्षं चालतं), नंतरच्यांना ओएटी किंवा या दोन्हींचं मिश्र असं एचओएटी, हे ५ वर्षं किंवा जास्तही टिकतं. फरक गंज रोखणाऱ्या केमिकल्सचा आहे, आणि म्हणूनच दोन प्रकार मिसळायचे नाहीत, कधीकधी जेलीसारखा गाळ होतो आणि रेडिएटरच्या बारीक नळ्या चोक होतात. आधी काय भरलंय माहीत नसेल तर सरळ फ्लश करून (जुनं सगळं काढून, आतून धुऊन) नवीन भरा, खरंच तेच बरं पडतं.

प्रीमिक्स (आधीच पाणी मिसळलेलं) असेल तर तसंच ओता, पाणी घालू नका. कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं) असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं-निम्मं, हे मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. नुसतं कॉन्सन्ट्रेट भरलं तर जास्त चांगलं असं वाटतं ना, पण उलट ते लवकर गोठतं आणि उष्णताही कमी वाहून नेतं. नळाचं पाणी नकोच, क्षार साचतात.

आणि प्लीज, इंजिन गरम असताना रेडिएटरची कॅप उघडू नका, वाफेने हात भाजतो. सांडलेलं लगेच पुसा, कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल गोड लागतं म्हणून कुत्री चाटतात, मांजरंही चाटू शकतात, आणि थोडंसंसुद्धा त्यांच्या जिवावर बेतू शकतं.