सायकॉलॉजी करून व्यसनमुक्तीत काम करायचंय? मग या चुका टाळा

ॲडमिशनचं आधी उरकून टाकू. "घरबसल्या एमए सायकॉलॉजी" अशी जाहिरात दिसली की लगेच फी भरू नका, कारण २०२५ च्या सत्रापासून यूजीसीने सायकॉलॉजीला डिस्टन्स आणि ऑनलाइन प्रवेश बंद केलेत. आणि नुसतं एमए झालं म्हणून पाटीवर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट लिहू नका बाबांनो, त्याला आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी लागते.

खरी गंमत प्रॅक्टिकलला व्यसनमुक्ती केंद्रात गेल्यावर सुरू होते. डीएसएम-५ मधले (मानसिक आजारांच्या निदानाचं पुस्तक) व्यसनाचे ११ निकष तोंडपाठ असतात, पण समोरच्याला विचारायचं काय ते सुचत नाही. "रोज किती घेता?" "थोडी." झालं, फॉर्मवर थोडी! अहो, थोडी म्हणजे नाइंटी की क्वार्टर, देशी की इंग्लिश, एकट्याने की चौघांत, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दिवसाची पहिली किती वाजता? सकाळी हात थरथरतात म्हणून चहाच्या आधी घ्यावी लागते असं कळलं तर केस एकदम वेगळी होते. हे दरडावून विचारायचं नसतं, बाजारभाव विचारतो तसं सहज विचारायचं, म्हणजे माणूस खरं सांगतो.

अशा माणसाला "आजपासून बंद करा" म्हणणं ही सगळ्यात धोकादायक चूक. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक तुटली तर फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांत भ्रम होतो, नसलेली माणसं दिसायला लागतात, वेळेत उपचार नाही मिळाले तर जीवही जातो. म्हणून आधी डॉक्टर, डिटॉक्स (म्हणजे त्यांच्या देखरेखीखाली दारू सोडवणं), आणि मग तुमचं काउन्सेलिंग.

दुसरं म्हणजे शपथ. घरच्यांनी पोराच्या डोक्यावर हात ठेवायला लावून झालेलं असतं, देवळात नेऊन झालेलं असतं, त्यात तुम्ही अजून एक वचन कशाला घेताय? मोडलं की तो तोंड लपवतो, फॉलोअपला येतच नाही, आणि तुम्ही रिपोर्टमध्ये लिहिता "पेशंटची इच्छाशक्ती कमी". त्यापेक्षा पगाराच्या दिवशी कुठल्या रस्त्याने घरी जाता, सोबत कोण असतं, हे विचारा. स्लिप झाली, म्हणजे परत प्यायला, तर त्याच दिवशी त्याने फोन करायचा, हेही आधीच ठरवून ठेवा.

बायको बाहेर थांबवून विचारणारच, "आत काय म्हणाले हो?" तिची तगमग खरी असते, पण पेशंटची परवानगी नसेल तर त्यातलं काही सांगायचं नाही. तिच्याशी तिच्या त्रासाबद्दल वेगळं बसून बोला, बऱ्याचदा तिला आजवर कोणी ते विचारलेलंच नसतं.

केस रिपोर्टमध्ये नाव बदलून खाली "माजी सरपंच, ट्रॅक्टरचं शोरूम, दोन मुली" असं लिहू नका. तालुक्यात असा एकच माणूस असतो आणि व्हायव्हाला बसलेले सर त्याच तालुक्यातले निघू शकतात.