कुळागर आणि रान : झाडं मोजायची कशी?

कुळागरात, म्हणजे आपल्या गोव्यातल्या सुपारी-नारळाच्या बागायतीत, काय काय आहे विचारलं की लोक पोफळी इतक्या, माड इतके एवढंच सांगतात. बांधावरचा कुंभा, पाटाच्या कडेला आपसूक आलेली भिरंड (कोकम), कोणीच न लावलेलं तिरफळ, ह्यांना कोण मोजतो? मला विचाराल तर खरी मजा तिथेच आहे, रान कुळागरात शिरतं ते ह्याच झाडांवाटे. दोन-तीन सकाळी काढल्या तर जवळची राई आणि आपलं कुळागर शेजारी शेजारी मांडून बघता येतं.

आधी परवानगी. म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव ही अभयारण्यं, तिथे वनखात्याला विचारल्याशिवाय टेप घेऊन शिरायचं नाही. देवराईत जायचं तर गावकारांना विचारा, चपला बाहेर काढा म्हटलं तर काढा, पान सुद्धा तोडू नका. वेळ म्हणाल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर बेस्ट, पाऊस ओसरलेला असतो आणि माट्टी, किंदळ ही रानातली झाडं अजून पानांत असतात, नंतर पानं गळली की ओळखताना घाम फुटतो. शिवाय सत्तरी तालुक्यात २०१५ साली माकडताप आला होता, तो गोचिडींमुळे पसरतो आणि त्याचा जोर कोरड्या दिवसांत जास्त, म्हणून फुल पँट-शर्ट घाला, पँट मोज्यांत खोचा, घरी आल्यावर अंगावर गोचीड आहे का बघा आणि आंघोळ करा.

सामान काहीच नाही. ४० मीटर दोरी, दर १० मीटरवर गाठ, शिंप्याचा टेप, खडू, वही. चार गाठींवर चार काठ्या रोवल्या की १० बाय १० चा चौकोन झाला. तिरका झालाय का बघायला कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत मोजा, १४.१ मीटरच्या आसपास आलं पाहिजे. असे पाच चौकोन कुळागरात, पाच रानात. मी पहिल्यांदा अख्खं कुळागर मोजलं आणि रानात एकच चौकोन टाकला आणि वर कुळागरातच जास्त जाती म्हणून सगळ्यांना सांगत सुटलो, तसं करू नका, जागा दोन्हीकडे सारखीच हवी.

खोडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर घ्यायचा, म्हणजे साधारण छातीपाशी, आणि ३० सेंटीमीटर किंवा जास्त भरला तर झाड धरायचं. उतारावर वरच्या बाजूने मोजा. त्या उंचीच्या खालीच दोन फांटे फुटले असतील तर दोन्ही घेर वेगळे लिहा पण झाड एकच. मोजून झालं की खडूची रेघ, नाहीतर तेच झाड दोनदा येतं. केळ आणि पपई सोडा, ती लाकूडवाली नव्हेत. तसं बघितलं तर माड-पोफळीचंही खरं लाकूड नसतं, पण ती वगळून कुळागर मोजणं म्हणजे काय राहिलं, मी घेतो, फक्त वेगळी खूण करतो. बिब्ब्याच्या जातीच्या झाडांना खरवडू नका, चीक लागला तर कातडी फोडांनी भरते.

नावांचा घोळ होणारच. भिरंड, रातांबा, कोकम झाड एकच, पोफळ आणि माडी पण एकच. म्हणून पानाच्या दोन्ही बाजू, साल, फळ असे फोटो काढा आणि गावातल्या जाणत्या माणसाला, पाडेलीला (नारळ पाडणाऱ्याला) नाहीतर वैदूला दाखवा. माट्टीची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते आणि पानाच्या मागे देठाजवळ दोन गाठी असतात, ते एकदा बघितलं की विसरत नाही.

वहीत एक रकाना जास्तीचा ठेवा : लावलेलं की आपोआप आलेलं? घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून भरा. भिरंडीत नर आणि मादी झाडं वेगळी, नराला फळ नाही म्हणून लोक तो तोडून टाकतात, असा नर कोणाकडे उभा दिसला तर मुद्दाम लिहा. आणि प्रत्येक चौकोनाच्या एका कोपऱ्यात ५ बाय ५ मध्ये रोपं मोजा, कुळागरात साफसफाईत ती किती उपटली जातात ते तिथे कळतं.

आता हिशोब. समजा कुळागरात १८ जाती, राईत २६, दोन्हीकडे सापडलेल्या ८. आठाची दुप्पट १६, भागिले १८ अधिक २६ म्हणजे ४४, उत्तर ०.३६. १ आलं तर दोन्हीकडच्या जाती अगदी त्याच, ० आलं तर एकही सारखी नाही. पण नुसत्या जाती मोजून भागत नाही, कारण शंभरातली सत्तर झाडं पोफळच असली तर बाकीच्या जाती दोन-दोन झाडांवर तगून असतात. म्हणून प्रत्येक जातीचा वाटा काढा (७० पोफळी म्हणजे ०.७), त्याचा वर्ग करा, सगळ्या वर्गांची बेरीज १ मधून वजा करा, उत्तर १ च्या जितकं जवळ तितकी झाडं जास्त जातींत सारखी वाटलेली. ७० पोफळी, १० माड आणि इतर दहा जातींची दोन-दोन झाडं असतील तर ०.५० च्या आसपास येतं. तीच शंभर झाडं वीस जातींत सारखी वाटलेली असती तर ०.९५.

पाच चौकोनांनंतरही रानात नवीन नावं येतच असतील तर अजून टाका, आणि तितकेच कुळागरात पण वाढवा, मगच भागाकाराला बसा.