मावशीच्या पसाऱ्यात राहायला जाताना

नातेवाइकांकडे गेल्यावर पहिल्या दिवशी काहीही आवरू नका. कुठली वस्तू कशासाठी ठेवलीय ते आधी बघा. माझ्या मावशीचं घर सांगलीत, गावभागात. तिच्या माळ्यावर रिकामे डबे, दोरखंड, प्लास्टिकचे कागद, जुन्या चादरी रचलेल्या असतात. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं. मावशीचं खालचं सगळं भिजलं, माळ्यावरचं तेवढं वाचलं. अशा घराला "हे फेकून दे" म्हणायचा हक्क पाहुण्याला नाही, असं मी ठामपणे मानते.

जिथं इजा होईल तिथं मात्र बोला. जिन्यातल्या रद्दीवरून म्हातारं माणूस घसरतं. शेगडीजवळ कापडं नकोत. औषधांचा डबा मावशीसोबत बसून बघा, तारखा मोठ्यानं वाचा आणि टाकायचं ते तिच्याच हातानं टाकू द्या. हे सुनेसमोर बोलू नका, मावशीचा फार अपमान होतो. "मावशी, मला पथारीपुरती जागा करून देतेस?" एवढं विचारलं की ती स्वतःच उठते.

मुलांना घरूनच सांगून न्या, तिथं नाक मुरडायचं नाही.

खरी मदत करायची तर मे महिन्यात जा. रेशनकार्ड, सातबारा, बँकेची पुस्तकं एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरा, तोंड घट्ट बांधा आणि ती माळ्यावर हाताशी येईल अशी पुढं ठेवा.